दुधाच्या पावतीवरची शेवटची ओळ

मामांच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहालाच रांग लागते. गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, दूध बहुतेक म्हशीचं. माणूस किटली पुढे करतो, आपला कोड सांगतो. दूध मापलं जातं, नमुना मशीनला लागतो, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कळतं. मग मामा दरपत्रकावर बोट ठेवून दर काढतात आणि रजिस्टरात लिहितात. साठ-सत्तर खातेदार, सकाळ-संध्याकाळ. बिल दर दहा दिवसांनी. बिलाच्या आदल्या रात्री मामा-मामी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे ते पार दोन वाजेपर्यंत. पेंडीचे पैसे, उचल, मागची बाकी, सगळं वजा करत करत.

हा हिशोब फोनवर आणायचा म्हणून मी २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातली नोकरी सोडली. बाजारात अशी अ‍ॅप्स नव्हती असं नाही. मामांनीच दोन वापरून सोडली होती, आणि का सोडली ते मला त्यांच्याशेजारी स्टुलावर बसल्यावर कळलं. एक अ‍ॅप नेट गेलं की बंद पडायचं. दुसऱ्यात एका नोंदीला पाच-सहा वेळा बोट लावावं लागायचं, आणि दुधाने ओलं झालेलं बोट फोनची काच नीट ओळखतच नाही. मामा दर वेळी बोट धोतराला पुसायचे. मी सगळी नोंद फोनमध्येच साठवली, अर्ध्या पडद्याएवढा मोठा आकड्यांचा कीपॅड केला, आणि नोंद जतन करायला आवाज वाढवायचं बटण वापरलं. ते बटण ओल्या बोटानेही दाबलं जातं.

सर्वांत जास्त दिवस गेले ते पावतीत. ५८ मिलिमीटर कागदाचा छोटा ब्लूटूथ प्रिंटर घेतला होता. त्याच्यात देवनागरी अक्षरंच नव्हती. ‘लिटर’ पाठवलं की प्रश्नचिन्हं छापून यायची. इंग्रजीत छापून मोकळं होता आलं असतं, पण मग किटली घेऊन आलेल्या बाईने ती वाचायची कशी? शेवटी पूर्ण पावती आधी फोनमध्येच चित्र म्हणून तयार केली, ३८४ ठिपके रुंदीची, आणि ते चित्रच प्रिंटरला पाठवलं. पहिली पावती बाहेर यायला सात सेकंद लागले. सत्तर माणसांच्या रांगेत हे चालणारं नव्हतं. ओळींमधली मोकळी जागा कापली, न बदलणारे मथळे एकदाच तयार करून ठेवले, तेव्हा कुठे तीन सेकंदांवर आलं. पावतीच्या तळाला एक ओळ उरत होती. तिथे अ‍ॅपचं नाव आणि माझा मोबाइल नंबर टाकला. त्या वेळी त्यात फार काही विचार नव्हता.

मग गूगल प्लेवर चढवायची वेळ आली. खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, ते सोपं. पण नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मी मोजून तेरा जण गोळा केले. पाचव्या दिवशी दोघे चाचणीतून बाहेर पडले, संख्या बाराच्या खाली गेली. ज्यांना हे करायचंय त्यांना माझं सांगणं आहे, सोळा-सतरा जण घ्याच, आणि त्यांतले निम्मे तरी तो धंदा करणारे असू देत. माझ्या यादीतल्या मित्रांनी अ‍ॅप एकदा उघडलं आणि ‘भारी’ म्हणाले. शेजारच्या गावांतल्या सहा केंद्रचालकांनी मात्र चाळीस चुका काढून दिल्या. त्या चाळीस चुकांवर आजचं अ‍ॅप उभं आहे.

अ‍ॅप खुलं झालं त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी जाहिरातीला चार हजार रुपये लावले. आकडे भराभर चढले, मला वाटलं जमलं. आठवड्याने पाहिलं तर डाउनलोड करणारे बहुतेक मुंबई-पुण्याच्या घरांतले निघाले. गवळ्याने आज किती लिटर दूध टाकलं एवढंच लिहून ठेवायला त्यांना अ‍ॅप हवं होतं. अ‍ॅपच्या नावातले ‘दूध हिशोब’ हे दोन शब्द त्यांचेही होते आणि माझेही. फॅट-एसएनएफचे रकाने बघून त्यांनी अ‍ॅप काढून टाकलं, काहींनी एक चांदणी देऊन. त्यांचा राग रास्त होता. नावात ‘डेअरी संकलन’ आणलं. तिथेही अडचण, कारण नावाला ३० अक्षरांची मर्यादा आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. मराठी नाव दिसतं छोटं, मोजायला गेलं की संपतं.

दुसरी चूक तारखेची. मी अ‍ॅप खुलं केलं १४ तारखेला. केंद्रचालक फोनवर ऐकून घ्यायचे, चांगलं आहे म्हणायचे आणि पुढे काहीच करायचे नाहीत. मी किंमत कमी करायच्या विचारात होतो. मामा म्हणाले, “अरे, बिल मधेच तोडून कोण नवी वही काढतंय? एकवीसला विचार त्यास्नी.” एकवीसच्या सकाळी चार जणांनी अ‍ॅप सुरू केलं. तेव्हापासून मी गावोगाव फिरतो ते ८-९, १८-१९ आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवशी. बाकीचे दिवस अ‍ॅपचा प्रोग्रॅम लिहायला.

आणि मग एक रुपया.

मामांच्या केंद्रावर एक आक्का येतात. लिहिणं-वाचणं बेताचं, पण हिशोब पक्का. दहा दिवसांच्या वीसही पावत्या त्या तारेला खोचून ठेवतात. बिलाच्या दिवशी माझ्यापुढे वही धरून म्हणाल्या, “बाळा, तुझ्या बिलात एक रुपया कमी पडतोय बघ.” वहीत बेरीज ५,८६८.५४, म्हणजे ५,८६९ रुपये. माझ्या बिलात ५,८६८. मी तिथेच फरशीवर बसून वीस पावत्या ताडून पाहिल्या. साडेपाच लिटर गुणिले ५३.३५ म्हणजे २९३.४२५. पावतीवर ते २९३.४३ छापलं जात होतं, पण बिलाची बेरीज आतून न छापलेल्या, पुऱ्या आकड्यांची होत होती. वीस पावत्यांत सात पैशांचा फरक पडला आणि रुपया खाली सरकला. चूक माझी होती. आक्कांना तसं सांगितलं, मामांनी त्यांना रुपया दिला. रात्री सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवायला लावली आणि बिल छापलेल्या पावत्यांच्याच बेरजेतून काढलं. दुसऱ्या दिवशी तोवर जोडलेल्या अकराही केंद्रांना स्वतः फोन करून काय चुकलं होतं ते सांगितलं. एकानेही अ‍ॅप सोडलं नाही. सेमिस्टरभर शिकलेलं मला जितकं आठवत नसेल, तितकी ती वही आठवते. पेन्सिलीने केलेली बेरीज, खाली दोन रेघा.

विक्री खरी वाढली ती मला न सुचलेल्या दोन वाटांनी. पहिली ती पावतीची शेवटची ओळ. पावती घरोघरी जाते, तारेला लागते, पाहुणे बघतात. पाहुण्यांच्या गावात कुणाचं तरी संकलन असतं. फोन यायचे ते असे, “आमच्या मेव्हण्याकडं चिठ्ठी बघितली, मराठीत हुती.” कधी कधी चिठ्ठीवरचा नंबर अर्धाच वाचता यायचा, कारण थर्मल कागद उन्हात राहिला की अक्षरं उडतात. म्हणून नंबर ठळक केला.

दुसरी वाट म्हणजे फॅट मशीन दुरुस्त करणारे दादा. मोटारसायकलवर मशीनचे सुटे भाग बांधून ते पन्नास-साठ केंद्रं फिरतात. मशीन तपासून देतात, त्यामुळे केंद्रचालक आणि खातेदार दोघांचाही त्यांच्यावर विश्वास असतो. मामांचं मशीन बघायला आले तेव्हा त्यांनी अ‍ॅप दहा मिनिटं हाताळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “दिवाळीचा फरक निघतो का ह्यात?” निघत नव्हता. आमच्याकडे दिवाळीला वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे जादा पैसे मिळतात, त्याला दर फरक म्हणतात. ज्या हिशोबातून तो निघत नाही तो हिशोब अर्धाच. मी दोन आठवडे घेऊन तो भाग केला आणि त्यांना दाखवायला त्यांच्या घरी गेलो. त्यानंतर ज्या केंद्रावर ते जातात तिथे अ‍ॅप त्यांच्या तोंडून पोहोचतं. प्रत्येक केंद्रामागे मी त्यांना दोनशे रुपये देतो. ते आधी नको म्हणत होते.

किंमत वर्षाला १,२०० रुपये ठेवली. महिन्याला शंभर असं आधी सांगून पाहिलं होतं, पण दर महिन्याला कापले जाणारे पैसे कुणालाच नको होते. यातले १५ टक्के, म्हणजे १८० रुपये प्लेचं शुल्क, दोनशे दादांचे. राहिले ८२०. पुण्याच्या पगाराशी याची तुलना अजून होत नाही, पण प्रिंटरचे आणि पेट्रोलचे पैसे सुटतात. पहाटे पावणेसहाला फोन वाजला तर मी उचलतोच. त्या वेळी रांग लागलेली असते.

सध्या दिवाळीच्या फरकाचीच तयारी चालू आहे. वर्षाच्या मध्ये अ‍ॅपवर आलेल्या केंद्रांचे आधीचे महिने रजिस्टरात आहेत, ते भरून घेतोय. मामांची तीन रजिस्टरं मामी वाचून दाखवते आणि मी टाइप करतो. आक्कांच्या लिटरची बेरीज त्यांच्या वहीशी जुळली की पुढच्या खातेदाराच्या कोडवर जातो.