चौथा रकाना

परळच्या दामोदर हॉलचे नाव निघाले की गिरणगावातल्या जुन्या माणसांना नाटके आठवतात. मला मात्र त्या वास्तूबरोबर वकिली सल्ला आठवतो, आणि हे सांगितले की समोरचा मनुष्य क्षणभर गोंधळतो. ज्या सोशल सर्व्हिस लीगशी हा हॉल जोडलेला आहे, ती संस्था नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत काढली. रात्रशाळा, वाचनालये आणि सहकारी संस्था यांच्या बरोबरीने गरीब व निरक्षर माणसांना कायद्याचा सल्ला आणि मदत देणे हेही लीगच्या कामांपैकी एक होते. म्हणजे या शहरात मोफत विधी साहाय्य सरकारी कचेरीत जन्मले नाही. जिथे कामगार संध्याकाळी वाचायला, शिकायला येत असे, तिथेच त्याला हातातला कागद कोणाला तरी दाखवता येऊ लागला.

पुढे १९२४ साली बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी बोलावलेली सभा दामोदर हॉलमध्येच भरली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेबांनी वकिली सुरू करून तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण ज्याला न्यायालयाची भाषा कळत नाही त्याच्या बाजूने बोलणारे कोणी तरी असले पाहिजे, हा विचार त्या काळात मुंबईत अनेक ठिकाणी एकाच वेळी चालू होता, एवढे त्यावरून नक्की दिसते.

कायद्यात तोपर्यंत गरिबाची सोय एवढीच होती की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३३ व्या आदेशाखाली त्याला कोर्ट फी न भरता दावा दाखल करता येई. त्यासाठी आधी आपली नादारी सिद्ध करावी लागे, आणि १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत संहितेत अशा माणसासाठी ‘पॉपर’ हाच शब्द होता. दुरुस्तीने तो काढून ‘निर्धन व्यक्ती’ या अर्थाचा शब्द घातला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला वकील नाही अशा निर्धन पक्षकाराला न्यायालय वकील नेमून देऊ शकेल, अशी तरतूद त्याच वेळी आली. फी माफ करणे आणि वकील देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात यायला कितीतरी दशके गेली.

ते लवकर ध्यानात आलेले लोक नव्हते असे नाही. १९४९ साली तत्कालीन मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. तिच्या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. मला कुतूहल वाटते ते पुढच्या योगायोगाचे: त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दोन दशकांनंतर गुजरातेत याच विषयावरील समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि नंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासह १९७७ चा राष्ट्रीय अहवाल लिहिला. वडिलांनी मुंबईत मांडलेला प्रश्न मुलाच्या हातून देशाच्या धोरणात उतरला. बाकीचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद ३९-अ आला, १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संमत झाला, आणि तो प्रत्यक्ष अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडावा लागला.

या अधिनियमातील दोन गोष्टी लोकांना अजूनही माहीत नसतात. स्त्रिया आणि मुले यांना मोफत विधी सेवा मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही एक. दुसरी अशी की ‘विधी सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देण्याचा समावेश आहे. मोफत सेवा म्हणजे फक्त कोर्टात उभा राहणारा वकील नव्हे, तर दावा होण्याआधी किंवा समन्स आल्याबरोबर जे सांगायचे असते, तेही तिच्यात मोडते.

माझा सारा अनुभव याच भागाचा आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी माझ्या सीनियरांच्या हाताखाली, एका चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी सल्ला द्यायला बसत असे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण येणारा प्रत्येक जण ऐकवायचा. सीनियर त्यावर म्हणायचे, पायरी तुम्ही चढलेलाच आहात, घरमालकाने तुम्हाला उचलून वर नेऊन ठेवले आहे. आता निदान पुढे काय ते ऐका. मुंबईत हे शब्दशः खरे होते. वडील वारले, भाडेपावती त्यांच्याच नावावर राहिली, मुलगा वर्षानुवर्षे त्याच खोलीत राहतो, आणि एके दिवशी लघुवाद न्यायालयाचे समन्स येते. भाडे नियंत्रण कायदा मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला संरक्षण देतो, पण ते मागावे लागते आणि मुदतीत मागावे लागते. समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्यासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस असतात, न्यायालयाच्या परवानगीने ते ९० पर्यंत वाढू शकतात. तो कागद देव्हाऱ्यामागे पडून राहिला की एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याची बाजू न ऐकताच निकाल, होतो. तो रद्द करून घेण्याच्या अर्जालाही पुन्हा ३० दिवसांचीच मुदत. पहिल्या आठवड्यातली पंधरा मिनिटांचे बोलणे जे वाचवते, ते पुढे दहा तारखांनीही परत मिळत नाही.

पोटगीच्या आणि वैवाहिक वादांतून उद्भवलेल्या मालमत्तेच्या दाव्यांत स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. तरीही केवळ स्टॅम्पच्या भीतीने थांबलेल्या स्त्रिया मी अलीकडच्या काळातही पाहिल्या आहेत.

म्हणूनच सध्याची दिशा मला थोडी काळजीची वाटते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची जी व्यवस्था सुरू केली, ती चांगलीच आहे. पण ती फौजदारी प्रकरणांपुरती आहे. कोठडीतला मनुष्य दिसतो, त्याचे स्वातंत्र्य गेलेले असते, त्याला प्राधान्य मिळाले यात चूक नाही. घर जाणारा मनुष्य मात्र तारखेच्या दिवशीही आपल्या पायांनी येतो, त्यामुळे त्याची निकड कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याच्यासाठी आजही प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील आहे, जो हे काम स्वतःच्या वकिलीतून वेळ काढून, अल्प मानधनावर करतो. चांगले वकील त्यात टिकून आहेत हे त्यांचे मोठेपण, पण व्यवस्था मोठेपणावर चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता या सल्ल्यांच्या नोंदींच्या जपणुकीविषयी. सीनियरांकडे सल्ल्याच्या नोंदवह्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, लांबट. तारीख, विचारलेला प्रश्न, दिलेला सल्ला आणि ‘पुढे काय झाले’ असे चार रकाने, पक्षकाराचे नाव मुद्दाम नाही. अशाच वह्या ज्या दुसऱ्या एका संस्थेकडे होत्या, तिने जागा बदलताना त्या रद्दीत घातल्या. मला कळले तेव्हा महिना उलटून गेला होता. सीनियरांच्या सात वह्या माझ्याकडे आहेत. त्यांतून गिरण्या बंद पडत गेल्या तसे प्रश्न कसे बदलले ते दिसते: आधी भविष्यनिर्वाह निधी आणि देणी, मग खोलीची पागडी, मग पुनर्विकास, संक्रमण शिबिर आणि भावाभावांतले हक्कसोडपत्र. न्यायालयाच्या निकालपत्रांत हे सापडत नाही, कारण यातले बरेचसे न्यायालयापर्यंत गेलेच नाही.

चौथा रकाना सातही वह्यांत जवळजवळ रिकामा आहे. लोक पुन्हा येत नसत आणि सीनियरही विचारायला जात नसत. मी माझ्या वहीत तोच रकाना ठेवला आहे, आणि सल्ल्यानंतर तीन महिन्यांनी त्या माणसाला फोन करतो. निम्मे फोन लागत नाहीत. परवा एका बाईंनी उचलला, कैफियत मुदतीत दाखल झाल्याचे सांगितले आणि लगेच विचारले, ‘पण वकीलसाहेब, फोन केलात म्हणजे आता फी द्यावी लागेल का?’ मी नाही म्हणालो, आणि रकान्यात तारीख घातली.