चिखलातलं समुद्रफूल

समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी (सी ॲनिमोनी), खडकाला घट्ट धरून बसतात, मग त्यांतलंच नेमॅटोस्टेला चिखलात टिकतं कसं? हा प्रश्न मला वारंवार येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खडकावरच्या समुद्रफुलाला खाली चकतीसारखा पाय असतो, त्याने ते पकड घेतं. नेमॅटोस्टेला व्हेक्टेन्सिसला तो पायच नाही. त्याच्या देहाचं खालचं टोक गोलसर असतं आणि पाण्याने फुगतं. हे टोक आधी निमुळतं होऊन चिखलात शिरतं, मग तिथे फुगून रुततं, आणि उरलेलं अंग त्याच्या आधाराने खाली ओढलं जातं. अंगभर आकुंचनाच्या लाटा सरकत राहतात. सगळा प्राणी बहुधा एक-दोन सेंटिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. चिखलावर दिसतं ते तोंड आणि त्याभोवतीचे सोळाएक संस्पर्शक, म्हणजे भक्ष्य पकडणारे धाग्यांसारखे अवयव. जरा धक्का लागला की तेही आत.

कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जलजीव, कीटकांच्या अळ्या, बारीक गोगलगायी असं जे काही जवळून जाईल ते दंशपेशींनी टिपायचं, हा त्याचा उदरनिर्वाह. कित्येक समुद्रफुलांच्या अंगात शैवाल राहतं आणि त्यांना अन्न पुरवतं. याला तो आधार नाही.

पण खरं उत्तर जागेत आहे. हे राहतं खाऱ्या दलदलीतल्या डबक्यांत आणि समुद्रापासून जवळपास तुटलेल्या उथळ तळ्यांत. उत्तर अमेरिकेचे दोन्ही किनारे आणि इंग्लंडचा दक्षिण-पूर्व भाग ही त्याची ठिकाणं. अशा पाण्याचा काही भरवसा नसतो. पाऊस झाला की ते गोडसर होतं, उन्हाने आटलं की समुद्राहून खारट, आणि थंडीत गोठायला टेकतं. नेमॅटोस्टेला हे सगळं सोसतं. ज्या पाण्यात इतर समुद्रफुलं तगत नाहीत तिथे याला निवांत जागा मिळते, असं मला वाटतं.

प्रयोगशाळांनी त्याला उचलून धरलं तेही याच काटकपणामुळे. एक तृतीयांश खारं पाणी असलेल्या काचेच्या भांड्यात, चिखलाशिवायसुद्धा, ते वर्षानुवर्षं जगतं. उजेड आणि उष्णता बदलली की अंडी घालतं. 2007 मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे 18,000 जनुकं निघाली आणि त्यांची रचना काही बाबतींत फळमाशीपेक्षा माणसाच्या जास्त जवळची! मेंदू नसलेल्या, चिखलात रुतलेल्या जीवात हे सापडावं याचं मला आजही नवल वाटतं.

अंडी एका चिकट गोळ्यात असतात आणि त्या गोळ्यात दंशपेशींनी भरलेल्या सूक्ष्म गोळ्या विखुरलेल्या असतात. त्यांना नेमॅटोसोम म्हणतात. एरवी त्या प्राण्याच्या पोटातल्या द्रवात फिरत असतात. इतर समुद्रफुलांत ही गोष्ट आढळत नाही. शिवाय जोडीदाराची गरजच नाही असाही मार्ग आहे: देह आडवा चिमटला जातो, खालचा तुकडा सुटतो आणि त्याला नवं तोंड फुटतं. इंग्लंडमधल्या तळ्यांत तर माद्याच मिळाल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा जनुकांनी हुबेहूब एकसारख्या.

शास्त्रज्ञ स्टीफन्सन यांनी 1935 मध्ये या जातीचं वर्णन केलं ते इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या बेंब्रिजमधल्या नमुन्यांवरून. ब्रिटनने पुढे 1981 च्या वन्यजीव कायद्याखाली तिला संरक्षण दिलं. नंतरच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं की ती मूळची अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याची असून इंग्लंडला बहुधा माणसामुळे पोहोचली असावी. मग पाहुण्याला संरक्षण कशाला, असं काही जण विचारतात. मला तो युक्तिवाद पटत नाही. तिच्या नावाने ही खारी तळी भराव आणि निचऱ्यापासून वाचत असतील, तर तिथल्या इतर जीवांनाही तेवढाच आसरा मिळतो. क्षारता कितीही बदलली तरी नेमॅटोस्टेला निभावून नेईल, तळंच बुजवलं तर मात्र त्याला जायला जागा नाही.