लूमच्या शेडमध्ये पाय का घसरतो

भिंतीवर ‘जपून चाला’ अशी पाटी लावली की काम झालं, असं बऱ्याच कारखानदारांना वाटतं. चादरी-टॉवेलच्या शेडमध्ये माणूस पडतो तो मुख्यतः फरशीवर काय सांडलंय, काय पडलंय त्यामुळे. पाटीनं तेल पुसलं जात नाही.

सोलापूरची हवा कोरडी. सुती धागा विणताना साधारण 70 ते 80 टक्के आर्द्रता लागते, नाहीतर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तटातट तुटतात. म्हणून उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारतात. त्या पाण्यावर लूममधून, म्हणजे यंत्रमागातून, ठिबकलेलं तेल पसरतं, त्यावर धाग्यातून उडालेलं तूस, म्हणजे बारीक तंतू, बसतं. फरशी नुसती मळकट दिसते, तेल आहे हे पाय सरकल्यावरच कळतं. बारीक फवारा मारणारा ह्युमिडिफायर घेतला तर पाणी हवेत जिरतं, फरशीवर साचत नाही. ते परवडत नसेल तर पाणी भिंतीच्या कडेनं, मोटारी आणि वायरींपासून लांब मारा. चालायची वाट कोरडीच राहिली पाहिजे.

तेल सांडलं की लगेच ओला पोछा फिरवतात. इथंच घोटाळा होतो, कारण वीतभर डाग हातभर पसरतो. आधी लाकडाचा भुसा किंवा कोरड्या चिंध्या टाकून तेल शोषून घ्या. मग गरम पाण्यात साबणाची पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका, 5 ते 10 मिनिटं मुरू द्या, ताठ ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा आणि वायपरनं पाणी ओढा. मूठभर पावडर जास्त टाकली तर साबणाचाच थर मागे राहतो, तोही तेवढाच निसरडा. तेलकट भुसा आणि चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढा, तूस असलेल्या शेडमध्ये आगीशी खेळ नको. आणि लूमखाली पत्र्याचा ट्रे ठेवला तर यातलं निम्मं काम उरतच नाही.

जुन्या शेडमधली शहाबादी फरशी वर्षानुवर्षांच्या वर्दळीनं गुळगुळीत होते. ती उखडायची गरज नाही. जात्याला टाकी लावतात तशी चालण्याच्या पट्ट्यावर छिन्नीनं टाकी मारून घ्या. नवीन टाईल बसवणार असाल तर दुकानदाराला ‘आर’ रेटिंग विचारा, म्हणजे टाईलवर पाय किती धरून राहतो त्याचा आकडा. ते आर 9 ते आर 13 असं असतं, आकडा जास्त तितकी पकड जास्त. डाईंगसारख्या (सूत रंगवायच्या) ओल्या जागी आर 11 च्या खाली जाऊ नका. डाईंगमध्ये कॉस्टिक सोडा आणि साबणाचं पाणी सांडतच राहतं, तेव्हा उतार हवा: दर मीटरला 1 ते दीड सेंटिमीटर, गटाराकडे. प्रक्रियेत जमीन ओली होत असेल तर पाण्याचा निचरा हवा, हे 1948 च्या कारखाने कायद्यानं कलम 11 मध्येच सांगितलं होतं.

धागा गुंडाळायची कांडी मात्र तेलापेक्षा वाईट. गोल असल्यामुळे पायाखाली ती फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. प्रत्येक लूमजवळ रिकाम्या कांड्यांची पेटी हाताच्या अंतरावर हवी. चार पावलं चालावं लागलं की कांडी खालीच पडणार.

दाराचा उंबराही पाहा. एप्रिल-मेच्या उन्हातून आत आलं की डोळे अंधाराला सरावेपर्यंत खालचं काही दिसत नाही, त्यात डोक्यावर चादरींचा गठ्ठा. उंबऱ्याला पिवळा पट्टा मारा, आतल्या बाजूला दिवसासुद्धा एक ट्यूब चालू ठेवा, आणि जमलं तर तिथं उतार करून गठ्ठे ढकलगाडीवर न्या. फरशीची कड अर्ध्या सेंटिमीटरनं वर आली तरी ठेच लागायला पुरते.

हवाई चपलेचं काय सांगावं! सोल झिजून सपाट झाला की ती ओल्या फरशीवर अनवाणी पायापेक्षा धोक्याची. बूट घेताना सोल तेल सोसणारा आहे का ते बघा. खाचा बुजल्या असतील तर ब्रशनं साफ करा, झिजल्या असतील तर बूट बदला.

कोणी घसरलं, मग लागो वा न लागो, तिथं खडूनं गोल काढायला सांगा. महिन्यात एकाच जागी दोन-तीन गोल दिसले की पाणी किंवा तेल कुठून येतंय ते तिथंच शोधा.

कोणी पडलंच तर हाताला धरून झटकन उठवू नका. कंबर, मान किंवा डोक्याला मार असेल तर हलवू नका, आधी शेजारचे लूम बंद करा आणि 108 ला फोन लावा.