आमची वाटचाल : चित्रांची पुस्तकं आणि मुलांचं लिहिणं

पहिलं सांगून टाकते, आमच्याकडे हस्ताक्षराचा क्लास नाही. दर जूनमध्ये फोन येतात, मॅडम अक्षर सुधारून मिळेल का, आणि मी दरवेळी सांगते की कोथरूडमध्ये त्यासाठी चांगले क्लास भरपूर आहेत, तिकडे जा. आमच्याकडे पाच ते नऊ वर्षांची मुलं येतात, चित्रांची पुस्तकं बघतात, त्यावर भरपूर बडबड करतात आणि मग स्वतःचं काहीतरी लिहितात. सांगायला एवढंच आहे, पण याचे पैसे घ्यायचे आणि त्यावर भाडं, लाईटबिल, दोन ताईंचे पगार काढायचे म्हणजे काय असतं ते पुढे येईलच.

मी आधी प्राथमिक शाळेत शिकवत होते. तिथे निबंध फळ्यावर लिहून द्यायची पद्धत होती. 'माझा आवडता प्राणी' म्हटलं की अख्ख्या वर्गाचा कुत्रा, सगळ्यांच्या कुत्र्याला चार पाय आणि तो सगळ्यांच्याच घराची राखण करतो, आणि ज्याच्या घरी खरोखर मांजर आहे तोही पोरगा मुकाट्याने कुत्रा उतरवून घेतो कारण मांजर लिहिलं तर मार्क कोण देणार. मधल्या सुट्टीत हीच पोरं इतकं रंगवून सांगायची की हसून हसून पुरेवाट व्हायची. म्हणजे सांगता येतं, पेन्सिल हातात आली की सगळं गायब. नोकरी सोडली तेव्हा डोक्यात हे एकच होतं, बाकी प्लॅन वगैरे काही नाही.

माझी नणंद कमर्शियल आर्ट केलेली, एका जाहिरात कंपनीत कंटाळलेली. ती म्हणाली, वहिनी तू शिकव, चित्रांचं मी बघते. आमच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून सुरुवात केली, पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून आणली. नॅशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची पुस्तकं तेव्हाही स्वस्त होती आणि आजही परवडतात, आमच्या कपाटाचा पाया तीच. बाकी जमेल तशी घेत गेलो. मुलांच्या हातात देऊन देऊन फाटतात, सेलोटेप लावतो, परत फाटतात, तो खर्च धंद्यात धरलेलाच आहे.

आता चित्रांच्या पुस्तकावरून लिहिणं कसं येतं हे लोक खूप विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगते. पुस्तकातला मजकूर आम्ही आधी चिकटचिठ्ठ्या लावून झाकतो. मुलं फक्त चित्रं बघून गोष्ट सांगतात, ताई त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेते, अगदी 'तो धपकन पल्डा' असेल तरी तसंच. आपण बोललो ते कागदावर उतरलं आणि ताईने ते परत वाचून दाखवलं, हे पाच वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कळतं तेव्हा ते तोच कागद पुन्हा पुन्हा वाचायला लावतं. मग चिठ्ठ्या काढायच्या आणि बघायचं की लेखकाने काय लिहिलंय आणि काय लिहिलंच नाहीये. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची! चांगल्या पुस्तकात चित्रात दिसतं ते शब्दात पुन्हा सांगत नाहीत.

एक उदाहरण देते. नणंदेने काही बिनशब्दांची चित्रं काढली आहेत, त्यात एक मुलगी बसस्टॉपवर उभी आहे आणि पीएमपीची बस निघून चालली आहे. दुसरीतल्या एका मुलीने लिहिलं, 'ती खूप रागावली.' ताईने विचारलं, रागावली हे तुला कुठे दिसलं? मुलगी बराच वेळ चित्रात डोकं घालून बसली, मग म्हणाली दप्तर बघ ना ताई, ते खांद्यावर नाहीये, खाली आपटलंय, बाटली पण बाहेर आलीये. ताई म्हणाली मग तेच लिही की. तिने लिहिलं, 'तिने दप्तर आपटलं. बाटली रस्त्यावर गडगडत गेली. बस थांबली नाही.' रागावली हा शब्द खोडून टाकला, स्वतःहून. हे मी शाळेत सहा महिने व्याकरण घेऊन शिकवू शकले नसते, खरंच.

दुसरं म्हणजे पान उलटणं. ए-फोर कागदाला तीन घड्या घालायच्या, उलगडून मधे एक काप द्यायचा आणि दुमडला की आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते, ना पिन ना डिंक. मुलांना ती दिली की आपोआप प्रश्न पडतो, या पानावर कुठे थांबू? कपाटात कोण लपलंय ते याच पानावर सांगितलं तर पुढच्या पानाला कोण विचारतो! परिच्छेद कुठे पाडायचा हे मोठेपणी ज्यांना जमत नाही त्यांनीही ही पुस्तिका करून बघावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

शुद्धलेखनावरून मात्र आमच्याकडे कायम वाद. पहिल्या खर्ड्यात आम्ही काहीच दुरुस्त करत नाही, दुसऱ्या वेळी फक्त दोन गोष्टी दाखवतो, लाल पेन तर वर्गातच नाही. एका मुलाचे आजोबा सदाशिव पेठेतून नातवाला घेऊन येतात, त्यांनी 'पाणि' वाचलं आणि मला बाहेर बोलावून ऱ्हस्व-दीर्घावर असं काही झापलं की विचारू नका. मी म्हटलं आजोबा, पोरगं आत्ता पानभर लिहितंय, प्रत्येक वेलांटीला थांबवलं तर उद्या तीन ओळी लिहील आणि त्याही दुसऱ्याच्या. त्यांना अजूनही पटलेलं नाही. पण दर शनिवारी वेळेच्या आधी येतात आणि बाहेरच्या खुर्चीवर बसून आमचीच पुस्तकं वाचतात, तेव्हा असो.

याचा अर्थ अक्षरओळख कशीही झाली तरी चालते असा नाही. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी जे काम केलं, की क ख ग घ ओळीने घोकायच्या ऐवजी अशी मोजकी अक्षरं आणि मात्रा आधी द्यायच्या ज्यांचे लगेच शब्द होतील, ते वाचून आम्ही लहान गटाची मांडणी केली. चार अक्षरं आली की मूल चित्राखाली स्वतःचा शब्द लिहू शकतं, सगळी बाराखडी संपायची वाट बघावी लागत नाही.

धंद्याचं सांगायचं तर पहिली काही वर्षं रडतखडत गेली. पालकांना वही भरलेली लागते. तासाभरात पोराने चारच ओळी लिहिल्या तर फी कशाची, असं तोंडावर विचारणारे भेटले. मग आम्ही वही घरी पाठवणंच बंद केलं आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलं आपलं लिखाण आईबाबांसमोर वाचून दाखवू लागली. त्यानंतर गळती कमी झाली, जाहिरातही तीच, वेगळी कधी करावी लागली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद. झूमवर सहा वर्षांची पोरं म्हणजे निम्मा वेळ तुझा माईक बंद कर यातच जातो, ते आम्ही पटकन सोडलं. प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या पुस्तकांची वेबसाइट २०१५ पासून आहे, तिथली पुस्तकं खुल्या परवान्याची, श्रेय दिलं की छापता येतात. ती छापून मजकुराची जागा कोरी ठेवून पाकिटं केली, मी आणि नणंद स्कूटरवरून प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून यायचो आणि मुलं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायची. पैसे फारसे सुटले नाहीत पण नावं टिकली.

आणि त्याच वर्षी राज्यात सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचा कायदा झाला. इंग्लिश मीडियमचे पालक अचानक आमच्याकडे यायला लागले, मराठीचं टेन्शन आहे हो म्हणत. घरी मराठी बोलणारी, पण लिहायचं म्हटलं की हातपाय गाळणारी मुलं. त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तकं म्हणजे वरदानच, कारण आताच्या मराठी पुस्तकांतली भाषा बोलण्यासारखी असते, 'केलं', 'गेलं', 'सांगितलं', त्यामुळे आपण बोलतो तसंच लिहायचं असतं हा धीर येतो. पुढे २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावं म्हणून, मग शाळा शिक्षकांच्या वर्कशॉपसाठी बोलवायला लागल्या. शाळांचं काम चांगलं पण बिल पास होईपर्यंत जीव जातो. एका शाळेने तर वर्ष उलटवलं, आता अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय आम्ही जात नाही.

जीएसटीचं लोक घाबरून विचारतात म्हणून सांगते, मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी नाही, वह्यांवर बारा टक्के होता तोही सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. क्लासच्या फीवर अठरा टक्के लागतो पण वर्षाला वीस लाखांच्या वर उलाढाल गेली तर, आणि आम्ही त्याच्या आसपासही नाही हे ऐकून आमचे सीए हसले.

सध्या मुलांच्या गोष्टींचं पुस्तक छापायची खटपट चालू आहे. नारायण पेठेतल्या प्रेसवाल्या काकांनी समजावलं की सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडायची पानं, त्या हिशोबात पानं बसवा नाहीतर कोरा कागद वाया, चार रंगांच्या चार प्लेटी, थोड्या प्रती हव्या तर डिजिटल, जास्त हव्या तर ऑफसेट. म्हणून आता मुलांना बत्तीस पानांत गोष्ट बसवायला सांगितली आहे. मुखपृष्ठावरून दोन गटांत भांडण लागलंय, एकांना डायनासोर हवाय, दुसऱ्यांना ती बाटली, आणि गोष्टीत डायनासोर कुठेच नाही हे पहिल्या गटाला अजिबात मान्य नाही. काकांना दिवाळीच्या आधी फाईल द्यायची आहे, नंतर कॅलेंडरं आणि डायऱ्यांची गर्दी सुरू झाली की ते आमचा फोनही उचलणार नाहीत.