खापराचा पत्ता शोधताना: गिरणाकाठचा माझा अनुभव

खानदेशात जुन्या खापरांवर काम करायचं म्हटलं की पहिली अडचण यंत्रांची नसते, परवानगीची असते. रासायनिक तपासणीसाठी तुकड्याचं पीठ करावं लागतं आणि पीठ झालेलं खापर काही परत जोडता येत नाही. त्यामुळे ज्या विभागाच्या संग्रहात हे तुकडे होते तिथे आधी लेखी अर्ज दिला. सोबत तक्ता जोडला: कोणता तुकडा, किती ग्रॅम, कोणत्या यंत्रावर, उरलेल्याचं काय करणार. कड असलेल्या किंवा नक्षी असलेल्या तुकड्यांना हात लावायचा नाही, हे विभागातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. भांड्याच्या पोटाकडचे साधे, कुणाच्या नजरेत न भरणारे तुकडे मिळाले. कापण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढला, जाडी मोजली, म्युन्सेलच्या (मातीचे रंग क्रमांकाने सांगणाऱ्या) तक्त्याशी रंग जुळवून लिहून ठेवला.

प्रश्न साधा होता. ताम्रपाषाण काळात (दगडासोबत तांबं वापरण्याच्या काळात) गिरणाकाठी वापरलेली ही भांडी तिथल्याच मातीची, की बाहेरून आलेली? गिरणेवरच्या बहाळला १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं, तापीकाठच्या प्रकाशे इथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी. तापीवरच्या सावळदा गावाचं नाव तर एका खापरप्रकारालाच मिळालं आहे. आकार आणि नक्षी पाहून भांड्याचा काळ सांगता येतो. माती कुठली हे विचारायचं तर आधी नदीची माती ओळखीची हवी. म्हणून अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत मी गाळ गोळा करायला निघालो.

गाळ गोळा करणं म्हणजे नदीवर जाऊन घमेलं भरणं नव्हे. काठाचा ताजा कापलेला भाग शोधायचा, वरचा पापुद्रा खरवडून काढायचा आणि थराथरातून वेगळा नमुना घ्यायचा. वीटभट्टीजवळ राख मिसळलेली असते, शेताच्या कडेला खताचा फॉस्फरस उतरलेला असतो, ती ठिकाणं टाळायची. प्रकाशे, सारंगखेड्याकडे बॅरेजमुळे पाणी तुंबतं. तिथे वर साचलेला मऊ गाळ अलीकडचा असतो, चार हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने तो पाहिलेला नाही. त्यामुळे पाण्यापासून दूर उंच कड्यांतले जुने थर गाठावे लागले. तापीकाठच्या त्या घळींतून चढउतार करताना उन्हाचं काय होतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

गिरणेवर एका आबांनी बैलगाडी थांबवून विचारलं, "भाऊ, आठे माती कसाले खणी राहिना? सोनं सापडनं का?" मातीच हवी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "माती ते बांधवर बी शे." मुद्दा बरोबर होता. बांधावरचीही घेतली.

खरी शिकवणी एका कुंभार आप्पांकडे झाली. त्यांचं पहिलं वाक्य, "नुसती काळी माती तडकस." काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आकसतं. आप्पा तिच्यात नदीचा पोयटा मिसळतात, चाळलेली लीद घालतात. लीद भट्टीत जळून जाते आणि मागे बारीक लांबट पोकळ्या उरतात. तशाच पोकळ्या पुढे मला जुन्या तुकड्यांतही दिसल्या. (घोड्यांची लीद म्हटलं की सारंगखेड्याची यात्रा आठवते, आप्पांना आठवली ती तिथे लिदीला कुणी पैसे मागत नाही म्हणून.) त्यांच्या मातीच्या छोट्या वड्या करून मी प्रयोगशाळेच्या भट्टीत ६००, ७००, ८०० आणि ९०० अंशांवर भाजल्या. जुन्या खापरांची तुलना याच वड्यांशी करायची होती.

परवानगी आली आणि मग दळण. टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत काम झटपट होतं, पण नमुन्यात टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतं. कोबाल्टचा आकडा मला हवा होता, म्हणून अगेटच्या (अकीकाच्या) खलात हाताने घोटत बसलो. हा अगेट आपल्याच बेसॉल्टच्या, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत तयार होतो, एवढंच समाधान. पूड ९५० अंशांवर तापवून वजनातली घट नोंदवायची, मग तिची गोळी दाबून एक्सआरएफला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला) पाठवायची. तिथे रांग. रांगेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आकडे आले आणि सगळ्यांचे चेहरे पडले. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्क्यांच्या आसपास, लोह भरपूर, टायटॅनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच जास्त. गिरणा, पांझरा, वाघूर, सगळ्या याच खडकावरून वाहतात. गाळाचे आणि खापरांचे बिंदू आलेखावर मांडले तर एकच ढग तयार झाला. गिरणा कुठली आणि पांझरा कुठली, आलेख सांगेना. बिहारमध्ये किंवा राजस्थानात जी पद्धत मातीचा पत्ता सांगू शकते, ती इथे मुकी होते, कारण इथे मैलोगणती खडकच एक आहे. नव्याने हे काम घेणाऱ्याला मी हेच सांगतो: खानदेशात पहिला पैसा थिन सेक्शनवर घाला, यंत्राच्या आकड्यांवर नंतर.

थिन सेक्शन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठीचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप. खापर ठिसूळ, तेव्हा आधी निर्वात पात्रात त्यात इपॉक्सी मुरवावं लागतं. गाळाचे काप पाण्याने कापले तर चिकणमाती फुगून सगळं उखडतं, ते तेलावर कापायचे. मग काचेवर चिकटवून कार्बोरंडमच्या भुकटीत घासत राहायचं. जाडी बरोबर आली की नाही हे क्वार्ट्झचा कण सांगतो: ध्रुवित प्रकाशात तो राखाडी-पांढरा दिसला तर ठीक, पिवळा दिसला तर अजून घासा.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला काप सरकवला आणि मातीचं एकसुरीपण संपलं. प्लॅजिओक्लेजच्या पट्टेदार काड्या, ऑगाइटचे दाणे, काळे अपारदर्शक टायटॅनोमॅग्नेटाइट, बेसॉल्टचे अख्खे बारीक खडे, कॅल्सिडोनीचे पंख्यासारखे तंतू: सगळा बेसॉल्टचा ऐवज. बहुतेक तुकड्यांत हेच, आणि गिरणेच्या गाळातही हेच. थोड्या तुकड्यांत मात्र अभ्रकाच्या चकत्या आणि जाळीदार मायक्रोक्लिन (एक फेल्डस्पार) होतं. ही दोन्ही बेसॉल्टची खनिजं नव्हेत आणि माझ्या गिरणेच्या एकाही नमुन्यात ती नव्हती. ज्या ढगात सगळे बिंदू एकत्र बसले होते, त्यातच हे पाहुणेही बसलेले होते.

भाजण्याच्या तापमानाची गोष्ट याहून गुंतागुंतीची निघाली. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी खनिजं ओळखण्याच्या तपासणीत) काही खापरांत कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, दिसलं. कॅल्साइट साधारण ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यान विघटित होतं, तेव्हा 'कमी तापमानाला भाजलेलं' असं लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. पण तापी-गिरणेच्या गाळात चुनखडीचे खडे जागोजाग आहेत. पुरलेल्या खापरात पाण्याबरोबर चुना शिरतो आणि पोकळ्यांच्या भिंतींना अस्तर लावतो. कापात तो नेमका तसाच बसलेला होता, म्हणजे भट्टीनंतरचा. एक्सआरडीला चुना दिसतो, तो कुठे बसलाय ते दिसत नाही. आप्पांच्या वड्यांचा उपयोग इथे झाला. कच्च्या मातीच्या एक्सआरडी आलेखात स्मेक्टाइटचं १४-१५ अँगस्ट्रॉमचं शिखर ग्लायकॉल (त्याला फुगवणारं द्रव) दिल्यावर १७ला सरकायचं. ६००च्या वडीतच ते नाहीसं झालं. हेमाटाइट (लाल रंग देणारं लोहखनिज) वरच्या तापमानांना ठळक होत गेलं. जुनी लाल खापरं ७०० आणि ८००च्या वड्यांच्या मधे बसली. यापेक्षा बारीक आकडा द्यायला मी तयार झालो नाही.

पाट्याच्या दगडाचाही एक तुकडा सोबत पाहिला. घट्ट, पोकळ्या नसलेला, दाणे जरा मोठे, डाइकच्या (खडकाच्या भेगेत लाव्हा थिजून झालेल्या भिंतीच्या) दगडासारखा. धुळे-नंदुरबारकडे असे डाइक भिंतींसारखे उभे आहेत, पण एका तुकड्यावर त्यांतला नेमका कोणता हे म्हणण्यात अर्थ नव्हता.

या कामाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "अभ्रकवाली भांडी आली कुठून?" मी म्हटलं, "गिरणेची नाहीत एवढं नक्की. कुठली ते सांगायला तिकडची माती हवी." सरांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. संग्रहाचे उरलेले अर्धे तुकडे क्रमांक टाकून परत दिले. काप विभागातच ठेवले आहेत, ध्रुवित सूक्ष्मदर्शक ज्याला मोकळा मिळेल त्याने बघावेत.