धूर घाट उतरल्यावरच का?

आमचं गॅरेज वाईत. डोक्यावर पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट असल्यामुळे ब्रेक तापलेल्या, क्लच जाळलेल्या गाड्या रोजच्याच. पण बाईंच्या गाडीएवढं डोकं बऱ्याच दिवसांत लावावं लागलं नव्हतं.

गाडी मारुती 800, मॉडेल 1997, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. बाई पाचगणीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. गाडी पहिल्यापासून त्यांचीच आणि चालवतातही त्याच. तक्रारी दोन: इंजिन टिकटिक करतं आणि मागून निळा धूर येतो. त्या आधी एका गॅरेजला जाऊन आल्या होत्या. तिथे प्लगसुद्धा न काढता निकाल लागला होता, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्यात, पूर्ण इंजिन करावं लागेल.’ आकडा ऐकून बाई गाडी भंगारात काढायला निघाल्या होत्या.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की ते वरून उतरतंय की खालून चढतंय. वरून उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सील, खालून चढत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा. दोन्हींच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक.

“बाई, धूर नेमका कधी येतो?”

“अरे, येतो म्हणजे येतो. कधी काय?”

उभ्या गाडीला रेस देऊन पाहिली, धूर नाही. पीयूसीतही गाडी पास होती. मग बाईंनी पर्समधून वही काढली. पेट्रोल किती, ऑइल किती, तारखेसकट. अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं! ज्या महिन्यांत गाडी वर पाचगणीतच फिरली, त्या महिन्यांत ऑइल टाकल्याची नोंद जवळजवळ नाही. वाईला येणं-जाणं सुरू झालं, की ऑइल कमी. रिंगा गेलेल्या इंजिनाने असा भेदभाव केला नसता.

बाईंना गाडीतच बसवलं, गॅरेजमधल्या पोराला मोटरसायकलवर मागे यायला सांगितलं (धूर चालवणाऱ्याला धड दिसत नाही, मागचाच सांगतो) आणि घाट चढलो. सेकंडवर इंजिन अक्षरशः रडवलं. रिंगा गेल्या असत्या तर जोर लावताना धूर सुटला असता. पोराने मान हलवली, काही नाही. येताना सेकंडवरच, पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढून उतरलो. सपाटीला लागल्यावर रेस दिली आणि मागून आरोळी आली, “दादा, आलाऽ!” आरशातसुद्धा निळा ढग दिसला.

कारण सरळ आहे. उतारावर थ्रॉटल (हवेची झडप) बंद, चाकं इंजिनाला फिरवतात, पिस्टन हवा ओढायला बघतात आणि हवा मिळत नाही. आत जो व्हॅक्यूम तयार होतो तो व्हॉल्व्हच्या दांड्यावरून हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) ऑइल खाली ओढतो. सील ताजं असेल तर पुसून धरतं. रबर कडक झालेलं असेल तर घाटभर ऑइल झिरपतं आणि खाली आल्यावर एकदम जळतं.

राहिली टिकटिक. आवाज ऐकायचा तर इंजिन गार हवं, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी स्टार्ट केली तर आवाज खणखणीत. इंजिन तापलं तसा मंदावला. इथेच माझा टॅपेटवरचा (व्हॉल्व्ह दाबणारा भाग, त्यात थोडा गॅप ठेवतात) संशय उडाला. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, तापल्यावर टॅपेटचा गॅप उलट वाढतो: गार असताना 0.15 मिलिमीटर, गरम असताना साधारण 0.25. टॅपेट असतं तर आवाज टिकला असता. मग एकेका प्लगची वायर काढत गेलो. तीन सिलिंडरचं इंजिन, एक बंद केला की सगळी गाडी थरथरते, तरी कान तिकडेच. तिसऱ्याची वायर काढल्यावर टिकटिक जवळजवळ गेली. टॉर्च लावून पाहिलं: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप) हेडला बसतो तिथे काजळीचा काळा फराटा, आणि तो आवळणाऱ्या एका स्टडचं डोकंच नाही. सांध्यातल्या गॅस्केटमधून हवा फटफटत होती. लोखंड तापून फुगलं की फट मिटायची.

पण खरा धक्का हेडचं कव्हर उघडल्यावर बसला. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये 0.05 चा फिलरही (गॅप मोजायची पत्री) जाईना. कुणीतरी टिकटिक बंद करायला टॅपेट आवळून टाकलं होतं. आवाज तिथला नव्हताच, त्यामुळे तो गेला नाही. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण बसेनासा झाला. व्हॉल्व्हची उष्णता जाते ती मुख्यतः हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर टेकून. टेकलाच नाही की कडा जळते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहिलं: दोन सिलिंडर 160 पाउंडांच्या आसपास, तिसरा 120. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं, काटा हलला नाही. रिंगा ढिल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा वर गेला असता.

हेड खाली घेतलं. सहाही सील हातात तुटली, बिस्किटासारखी. तो व्हॉल्व्ह थोडक्यात वाचला होता, लॅपिंगवर (सीटवर घासून बसवण्यावर) भागलं. तुटलेला स्टड काढायला बाकी कामापेक्षा जास्त वेळ गेला. गरम करणं, डिझेल पाजणं, शेवटी नट वेल्ड करून फिरवला. हेड उतरलंच होतं म्हणून टायमिंग बेल्टही नवीन टाकला. रिंगांना हातही लावला नाही.

गाडी न्यायला आल्या तेव्हा बाईंनी बॉनेट उघडायला लावलं आणि कान दिला.

“अरे, अजून वाजतंय की बारीक.”

“ते टॅपेट, बाई. एवढं वाजायलाच हवं.”

“मग जरा आवळ ना.”

नाही म्हणालो. हवं तर रेडिओ लावा.