आठ दिवस मी लिहीत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी माझ्यापुरता मिटवला होता.

प्रश्न एकच असतो, विचारणारे वेगळे. लातूरहून मावशी विचारते तेव्हा तिच्या आवाजात काळजी असते: "तिकडं जाऊन धरम बाटवलास का गं?" इथली, इंग्लंडातल्या ब्रिस्टलमधली आपली मंडळी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता विचारतात, अजून त्या दगडांच्या रिंगणात जातेस का? आणि नव्याने लिहू लागलेल्या मुली लांबलचक ईमेल करतात. लिखाणावर घर चालवायचं, डेडलाइन पाळायच्या, पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गदेवता मानणाऱ्या लोकांचे वर्षातले आठ ऋतुसण पाळायचे, वर स्वतःच्या जिवालाही जपायचं, हे सगळं तुम्ही कसं जमवता?

जमत नाही. इतकी वर्षं मी हे उत्तर दिलं नाही, कारण 2019 साली मी स्वतःच याच्या उलट लिहून ठेवलं होतं. हिवाळ्यात बी मातीत झोपतं तसं लेखकानंही झोपावं, वसंतात उगवावं, उन्हाळ्यात बहरावं, असा तो लेख. तुमच्यापैकी बऱ्याच जणी तोच वाचून माझ्याकडे आल्या आहात, म्हणून आधी त्याचा निकाल लावते. तो लेख मी खोटेपणानं लिहिला नव्हता. पण त्या वर्षी माझ्याकडे घरभाड्यापुरता एक लांब पल्ल्याचा करार होता आणि ती माझी शांती मी ऋतूंच्या नावावर जमा केली. करार संपला तशी झोपही संपली. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या लेखकांच्या कमाईची पाहणी झाली. ज्यांचा मुख्य व्यवसायच लेखन आहे त्यांची लिखाणातून होणारी वर्षाची मध्यम कमाई निघाली 7,000 पौंड. म्हणजे निम्म्या लोकांची त्याहूनही कमी. अशा माणसांना हिवाळाभर झोपा म्हणून सांगणारी मी कोण होते?

आणि नुसत्या पैशाचीच अडचण असती तर ती सोसता आली असती. लेखकाचं पंचांगच वेगळं असतं, आणि ते नेहमी पुढे धावतं. मासिकांना मजकूर चार-पाच महिने आधी लागतो. मे महिन्यात मी पानगळीवर लिहिते, ऑगस्टमध्ये खिडक्या सताड उघड्या टाकून यूलच्या, म्हणजे डिसेंबरातल्या अयनदिनाच्या शेकोटीवर. आपल्याकडे तरी काय, दिवाळी अंकाचा मजकूर आषाढ-श्रावणात मागतात. पावसात बसून आकाशकंदिलावर लिहायचं. सेल्फ-केअर हा शब्दही मी असाच विकते: मेणबत्त्या, अंघोळीची मिठं, हिवाळ्यात मन शांत ठेवायचे दहा उपाय. ते उपाय लिहिताना 2021 मध्ये माझी मान धरली आणि सहा आठवडे उजवा हात वर होईना. जानेवारीच्या 31 तारखेला इथे स्वतंत्र धंदा करणाऱ्यांनी कराचं विवरण भरायचं असतं, आणि 1 फेब्रुवारीला इम्बोल्क, ब्रिजिद देवीचा दिवस. ती कवींची, लोहारांची, बरं करणाऱ्यांची. दर वर्षी तिच्या दारात मी पावत्यांच्या ढिगातून उठून जाते.

आता धर्माचं. मावशी, मी काही बाटवलेलं नाही. पेगन हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थच खेड्यातला, गावाकडचा माणूस. त्या अर्थानं मी जन्मानंच ती आहे. इथली शिकलेली मंडळी मला सांगतात, अगं, हे आठ सणांचं चक्र काही प्राचीन नाही, 1950च्या दशकात इथले नवे पेगन पंथ उभे करणारे गार्डनर आणि निकोल्स यांच्या मंडळींनी जुळवलंय. मला माहीत आहे. साउइन, इम्बोल्क, बेल्टेन, लूनसा हे चार आयर्लंडकडचे जुने सण. त्यांच्यात अयनदिन आणि विषुवदिन घालून आठ केले, काही नावं तर 1970च्या दशकातली. मग? सार्वजनिक गणपती 1893 च्या सुमाराला उभा राहिला, म्हणून त्याच्यापुढे जोडलेले हात खोटे का? इथे डिसेंबरात दिवस आठ तासांचाही भरत नाही. चार वाजता अंधार होतो. लातूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला त्या अंधाराचं काहीतरी करावंच लागतं. कुणी गोळ्या घेतं, मी गोळ्याही घेतल्या आहेत. पण 21 तारखेच्या सकाळी ब्रिस्टलजवळच्या स्टँटन ड्रू गावातल्या प्राचीन दगडांच्या रिंगणात, गाईंच्या शेणातून वाट काढत, चार अनोळखी माणसांबरोबर सूर्य वर यायची वाट पाहिली, आणि मला आमची येळवस आठवली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागात त्या दिवशी शहरं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, आंबिलीचा माठ, बऱ्याच भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, उंडे, खिचडा. ज्वारी-हरभऱ्याच्या उभ्या पिकात आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" असं ओरडत आम्ही पोरं बांधाबांधानं पळायचो. दगड तिथेही, दगड इथेही. मी इकडे काही नवीन शोधायला गेलेच नव्हते.

इथवर सगळं मी कितीदा तरी सांगितलंय, आणि हे सांगताना मला बरंही वाटतं. पुढचं सांगायला जड जातं.

2022 ची येळवस 23 डिसेंबरला होती. माय लातूरच्या एका दवाखान्यात होती. तिला शेतात जायचं होतं. दादाला म्हणाली, "मला कोपीत नेऊन बसव, आंबील प्यायची." दादानं डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणाले आणि त्यांचं बरोबरच होतं. दादा मायला म्हणाला, "आज सुट्टी देत नाहीत, माय. उद्या नेतो." उद्या कोप मोडलेली असते, हे मायला माहीत होतं, दादालाही. ती हो म्हणाली. 26 च्या पहाटे गेली.

त्या 23 तारखेला दादानं मला व्हिडिओ कॉल केला होता. मी चार मिनिटं बोलले. मला दुपारपर्यंत मजकूर द्यायचा होता, नव्या वर्षातल्या संकल्पांवरचा. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.

तेराव्याच्या रात्री गोठ्याशी बसून दादानं मला ती 'उद्या नेतो'ची गोष्ट सांगितली. "माझ्याकडून मायचं येवढंबी झालं नाही," म्हणाला. कुणाला सांगू नको, असं तो म्हणाला नाही. बहिणीला ते सांगावं लागत नाही.

पुढच्या वर्षी, 31 ऑक्टोबरला, साउइन. त्या रात्री इथे काही लोक मुकं जेवण करतात. गेलेल्या माणसाचं ताट वाढायचं आणि अक्षरही न बोलता जेवायचं. मी ब्रिस्टलच्या ईस्टन भागातल्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. आंबील इथल्या गारठ्यात आंबत नाही, दोन रात्री रेडिएटरजवळ ठेवावी लागली. भज्जीला इथे चार भाज्याच मिळाल्या. मायचं ताट वाढलं, समोर बसले. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगते की वर्षभरात पहिल्यांदा मला तिच्याजवळ बसल्यासारखं वाटलं.

दोन आठवड्यांनी एका इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं: दुःख आणि ऋतू, 1,200 शब्द, अडीचशे पौंड, चार दिवसांत. त्या महिन्यात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी एका रात्रीत लिहिलं. ताट, आंबील, रेडिएटर, मुकं जेवण. आणि लेखाला कणा हवा होता, म्हणून दादाचं 'उद्या नेतो'. शेवटाकडे एक वाक्य होतं: तिच्या मुलानं तिला खोटं सांगितलं, आणि ते खोटंच तिचं शेवटचं जेवण ठरलं. ते वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. इतकं चांगलं वाक्य मला वर्षभरात सुचलं नव्हतं. संपादकांनी ते मोठ्या अक्षरांत चौकटीत टाकलं.

पुण्याच्या भाच्यानं कौतुकानं त्याचं यंत्राकडून मराठी करून घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. यंत्राच्या मराठीत लय-बिय काही उरली नव्हती. नुसतं उरलं होतं, मुलगा आईशी खोटं बोलला.

दादाचा रात्री फोन आला. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाला, "मायचं ताट वाढलंस, बरं केलंस. पण त्यात मला कशाला वाढलंस?"

मी काय काय बोलले! तुझं नाव कुठे घातलंय, म्हणाले. इंग्रजीत आहे, आपलं कोण वाचतंय, म्हणाले. माझं घरभाडं कोण भरणार, म्हणाले. तूच सांग, एक शब्द तरी खोटा लिहिलाय का मी?

"खरंच लिहिलंयस की," तो म्हणाला. "म्हणून तर."

पुढचे तेरा महिने त्याचा फोन नाही. वहिनी खुशाली कळवायच्या.

या जागी मैत्रिणी मला सावरून घेतात. लेखकाला स्वतःचं दुःख लिहायचा हक्क असतो, म्हणतात. असतो, मी अजूनही मानते. माय माझीही होती. पण ती लबाडी दादाची होती, आणि मायच्या हयातीत त्यानं तिच्यासाठी केलेली ती शेवटची माया होती. मी तिला लबाडी म्हणून विकली, कारण माया म्हणून तिला चौकट मिळाली नसती.

तरीही त्या लेखानं मला इतकं हलवलं नाही जितकं पुढच्या साउइनला झालं. 31 ऑक्टोबर 2024. पुन्हा आंबील, पुन्हा ताट, पुन्हा मुकं बसणं. दहा मिनिटं झाली असतील. आंबिलीवर पातळ साय धरली होती. ती बघता बघता माझ्या डोक्यात तिचं वाक्य तयार झालं, मग दुसरं, मग पहिल्यातलं विशेषण बदललं. माझा हात टेबलावर पेन चाचपत होता. मी मायला आठवत होते की मायचं वर्णन करत होते, मला सांगता येईना. मी ताटासमोर बसले होते आणि तिथे नव्हतेच. चार मिनिटांच्या कॉलवरही मी तिथे नव्हते. त्या दिवशी निदान कामाचं निमित्त होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की वेळेचा मेळ हा माझा प्रश्नच नाही. ग्राहकांना मी आठ तारखा वर्षाच्या सुरुवातीला कळवते, कारण सांगत नाही. दोनदा कामं हातची गेली. आठपैकी पाच दिवस साधतात, मार्चचा आणि सप्टेंबरचा विषुवदिन बहुतेक हुकतोच. त्या दिवशी मी लिहीत नाही. वाणसामानाची यादीसुद्धा नाही. हे विश्रांतीसाठी करत नाही, सेल्फ-केअर म्हणूनही नाही, निदान मी विकते त्या अर्थानं नाही. दिवसभर वाक्य न करता राहणं मला उपवासापेक्षा अवघड जातं, संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं. आणि त्या दिवशी जे घडतं ते पुढेही लिहायचं नाही, असं ठरवलंय. इम्बोल्कला आमच्या मंडळातल्या बाया ब्रिजिदसाठी कविता रचतात. एक जण माझ्यावर रागावली, कवींच्या देवीच्याच दिवशी तू पेन बंद ठेवतेस? तिचं म्हणणं मला पटतं. मी तरीही बंद ठेवते.

आणि 2019 मधली मी अजून गप्प बसत नाही. ती विचारते, लिहिलं नसतंस तर दादाच्या त्या 'उद्या'त माया होती हे तुला दिसलं तरी असतं का? आत्ता या कागदावर पोचेपर्यंत दिसलं नव्हतं, हे खरं आहे. शिवाय लिहायचं नाही असं ठरवलेल्या दोन रात्री मी तुम्हाला आत्ताच सांगून बसले. या वेळी पैसे घेतले नाहीत. त्यानं काय फरक पडतो, मला माहीत नाही.

2024 ची येळवस 30 डिसेंबरला होती. सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. तोंडातून शब्द न काढता त्यानं फोन कोपीकडे फिरवला, मग पांडवांकडे, मग हरभऱ्यात धरून हळूहळू बांधानं चालत राहिला. पोरं ओरडत होती. पंचवीस मिनिटं. शेवटी म्हणाला, "जेवलीस का?"

हे त्याला पाठवावं की नाही, आठवडाभर विचार करतेय. भाचा आता मला विचारल्याशिवाय काही ग्रुपवर टाकत नाही. पण हे मराठीत आहे, त्याला यंत्र लागणार नाही.